'ओमेर' आणि 'दावार' या जुन्या हिब्रू पेपरांबद्दल कोणाला माहिती आहे का?

पेणची_पोरगी
आम्ही मूळचे पेणचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. माझी मावशीआजी 50 च्या दशकात इस्राएलला गेली, लोदला. तिची पत्र्याची पेटी आता मामांकडे आलीय, त्यात लुगड्याच्या घडीत 'ओमेर' नावाच्या हिब्रू पेपरचे दोन अंक सापडले. कागद इतका पिवळा पडलाय की उलगडताना कडा तुटतात. सगळ्या अक्षरांना टिंबं आणि बारीक रेघा आहेत, आजच्या हिब्रू पेपरात तर हे दिसत नाही. मामा म्हणतात हा 'दावार'वाल्यांचा पेपर आणि दावार म्हणजे इस्राएलचे पहिले पंतप्रधान बेन गुरियनच्या पक्षाचा. पण मावशीआजी राजकारणावर कधी चकार शब्द काढायची नाही, मग तिने हे का जपून ठेवलं असेल?

अश्दोदहून
मामांचं बरोबर आहे, फक्त कागदोपत्री दावार पक्षाचा नव्हता, हिस्ताद्रुत या कामगार महासंघाचा होता. 1 जून 1925 ला तेल अवीवमध्ये सुरू झाला, पहिले संपादक बेर्ल कात्झनेल्सन, 1944 मध्ये वारले तोपर्यंत तेच होते. पण हिस्ताद्रुतच बेन गुरियनच्या मापाय पक्षाच्या हातात होती, त्यामुळे लोक तो पक्षाचाच पेपर धरायचे.

आता टिंबांचं. हिब्रूत स्वर सहसा लिहीतच नाहीत, म्हणजे आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी सगळं काढून पेपर छापला तर कसं होईल तसं. 'दावार' हेच नाव घ्या, द-व-र ही तीन अक्षरं (मधलं अक्षर व किंवा ब असं दोन्ही वाचता येतं), 'दावार' वाचलं तर शब्द किंवा गोष्ट, 'देवेर' वाचलं तर रोगाची साथ आणि 'दिबेर' वाचलं तर बोलला. नवीन आलेल्या माणसाने काय करायचं? म्हणून 1951 मध्ये दावारवाल्यांनी ओमेर काढला, सोप्या भाषेत आणि टिंबांसकट. आपली माणसं प्रार्थनेची पुस्तकं वाचून आलेली, त्यात टिंबं असतातच, त्यामुळे त्यांना अक्षर लागायचं, अडायचं ते रोजच्या बोलीत. मला तरी वाटतं मावशीआजीने पक्ष नाही, भाषा जपून ठेवली.

जुनी_वर्तमानपत्रं
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण दावार नुसता पक्षाचा भोंगा होता असं कोणी समजू नये म्हणून लिहितोय. नातान आल्टरमान या कवीचं त्यात 1943 पासून कवितेचं सदर असायचं. नोव्हेंबर 1948 मध्ये, युद्ध चालू असताना, आपल्याच सैनिकांनी अरब नागरिकांना मारल्याबद्दल त्याने तिथे कविता लिहिली, सत्ता बेन गुरियनची आणि पेपर त्याच गोटातला तरीही छापली, आणि बेन गुरियनने ती परत छापून सैनिकांत वाटायला लावली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

मुलांसाठी वेगळं साप्ताहिक होतं, त्यात लेआ गोल्डबर्गच्या ओळी आणि आर्ये नावोनची चित्रं यायची. आणि 1970 ते 1990 संपादक बाई होत्या, हाना झेमेर, नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या.

खोपोली_एक्सप्रेस
मग बंद का पडला?

जुनी_वर्तमानपत्रं
पैसा हिस्ताद्रुतचा, तोच आटला. 1994 च्या हिस्ताद्रुत निवडणुकीत हाइम रामोन या नेत्याने मजूर पक्षाची (म्हणजे आधीच्या मापायची) जुनी सत्ता उलथवली, 1995 मध्ये आरोग्यविम्याचा कायदा लागू झाला आणि हिस्ताद्रुतचा दवाखान्यांच्या फंडाशी असलेला संबंध तुटला, सभासद तर त्या दवाखान्यांसाठीच जास्त राहायचे. शेवटी नाव बदलून 'दावार रिशोन' करून पाहिलं, 1996 मध्ये बंद. 2016 पासून हिस्ताद्रुतने ऑनलाइन परत सुरू केलाय.

पेणची_पोरगी
खूप खूप आभार सगळ्यांचे. काल मामांना हे वाचून दाखवलं. त्यांनी अंक टेबलावर पसरला आणि सिनेगॉगमध्ये वाचतात तसं उजवीकडून बोट टेकवत मथळा मोठ्याने वाचला, अर्थ निम्माच लागला. मग दिसलं की समासात पेन्सिलने बारीक मोडी-देवनागरी मिसळ अक्षरात शब्दांचे अर्थ लिहिलेत, "लेहेम – पाव", "अवोदा – काम".