२००४ चा वॉशिंग्टन मोर्चा: हाती काय लागलं?

जास्वंद (धागा)
२५ एप्रिल २००४ ला गर्भपाताच्या हक्कासाठी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोठ्या मैदानावर 'मार्च फॉर विमेन्स लाइव्ह्ज' निघाला. आयोजकांच्या मते साडेअकरा लाख लोक आले. माझं मत स्पष्ट आहे: कायदा तसूभरही हलला नाही. गर्भपाताच्या एका पद्धतीवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नोव्हेंबर २००३ मध्येच सही केली होती. नेब्रास्का राज्याचा तसाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ५-४ ने रद्द केला होता. मोर्चानंतर बुश पुन्हा निवडून आले, त्याच न्यायालयात न्यायमूर्ती ओकॉनर यांच्या जागी अलिटो बसले, आणि २००७ मध्ये ही बंदी ५-४ नेच वैध ठरली. एका खुर्चीचा फरक. गर्भपाताचा घटनात्मक हक्कच काढून घेणारा २०२२ चा डॉब्स निकालही अलिटोंनीच लिहिला. २००४ च्या निवडणुकीत बुश यांनी ओहायो हे निर्णायक राज्य सुमारे १ लाख १८ हजार मतांनी जिंकलं. मोर्चाची शक्ती तिथे दारोदार जायला हवी होती.

टाचण
मोर्चा फक्त निकालावर मोजताय, म्हणून आत काय घडलं ते निसटतंय. आधी ठरलेलं नाव होतं 'मार्च फॉर फ्रीडम ऑफ चॉइस'. 'सिस्टरसाँग' या कृष्णवर्णीय आणि इतर वंशांच्या स्त्रियांच्या संघटनेने ते बदलायला लावलं. कारण रोखठोक होतं. १९७६ च्या हाइड दुरुस्तीमुळे मेडिकेड या गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतला केंद्राचा पैसा, मोजके अपवाद वगळता, गर्भपाताला मिळत नाही. मग गरीब बाईकडे निवड उरते कुठे? सिस्टरसाँगच्या लॉरेटा रॉस मोर्चाच्या सहसंचालक झाल्या, आणि 'ब्लॅक विमेन्स हेल्थ इम्पेरेटिव्ह' ही कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्याची संघटना आयोजकांच्या पहिल्या रांगेत आली. हे मला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

उंबरठा
साडेअकरा लाख हा आकडा छातीठोकपणे सांगू नका. १९९५ च्या 'मिलियन मॅन मार्च' या कृष्णवर्णीय पुरुषांच्या मोर्चाचा अंदाज मॉलची देखभाल करणाऱ्या सरकारी पार्क सर्व्हिसने ४ लाख दिला, त्यावरून वाद पेटला, आणि पुढे तिने गर्दी मोजणंच थांबवलं. त्यामुळे २००४ ला सरकारी आकडाच नाही.

उभी गर्दी मोजायची तर मैदानाचे तुकडे पाडून घनता लावतात: सैल गर्दीत माणशी सुमारे १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार. सगळीकडे दाट धरलं की आकडा दुपटीच्या वर जातो. चालत्या मोर्चात एका ठिकाणी मिनिटाला किती माणसं जातात ते मोजतात, पण तिथे मधूनच शिरणारे आणि मधूनच निघून जाणारे सुटतात. म्हणून मोजणीच्या जागा किमान दोन हव्यात. आणि मोजणारे आयोजकांपैकी नकोत, नाहीतर विरोधक मागण्या सोडून आकड्यावरच भांडतात.

जास्वंद
नाव बदललं हे चांगलंच झालं. पण हाइड दुरुस्ती अजून तशीच आहे!

टाचण
रस्त्याचं फळ उशिरा येतं. अर्जेंटिनात ऑगस्ट २०१८ मध्ये गर्भपाताच्या हक्काची खूण असलेल्या हिरव्या रुमालांनी रस्ते भरले, तरी सिनेटने तो कायदेशीर करणारं विधेयक ३८-३१ ने पाडलं. रुमाल उतरले नाहीत. ३० डिसेंबर २०२० ला त्याच सिनेटने ३८-२९ ने १४ आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर केला.

जास्वंद
मधे २०१९ ची निवडणूक झाली. नवे राष्ट्राध्यक्ष फर्नांडेझ यांनी ते वचन देऊनच मतं मागितली आणि विधेयक स्वतः आणलं. माझा मुद्दा तोच आहे.

टाचण
वचन द्यावंसं त्यांना वाटलं ते रस्त्यांमुळेच. १९८३ मध्ये लोकशाही परतल्यापासून त्यांच्याआधीच्या कुठल्याही राष्ट्राध्यक्षाने असं विधेयक आणलं नव्हतं.