ज्यू समर कॅम्पला कोणी काम केलंय का?

कोथरूडकर: भाचा जे-१ (एक्स्चेंज) व्हिसावर अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या ज्यू कॅम्पच्या किचनला चाललाय, ताईला टेन्शन. कुणाला अनुभव?

खादाड_पुणेकर: बिनधास्त पाठवा! मी पण किचनलाच होतो. मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, चमचा जरी इकडचा तिकडे गेला तरी बोंबाबोंब. पण शुक्रवारी संध्याकाळी पोरं पांढऱ्या कपड्यांत, मेणबत्त्या, वेणी घातलेला गरम खल्ला पाव आणि जेवणं झाली की टेबलं बडवत जी गाणी सुरू व्हायची ना, विसर्जन मिरवणूकच!

रास्तापेठी: आमच्या बेने इस्रायली (मराठी ज्यू) घरात शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस, एकदम शांत, त्यामुळे तो दंगा बघून आधी हसूच आलं 😄 मग मीच पुढे. तिथे मलिदा केला, पोहे-खोबरं-वेलची, पोरांनी मागून मागून खाल्ला.

कोथरूडकर: मसाले न्यावेत का?

खादाड_पुणेकर: आधी विचारा, कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसतं असा शिक्का नसेल तर किचनमध्ये घेत नाहीत.