पुण्यवंतांचे टोमणे : तुमचे अनुभव सांगा

काल जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. माझी मावशी गेल्यानंतर पहिल्यांदाच. म्हणाल्या, "देवाधर्माचं काही केलं नाही ना तिनं, म्हणून इतकं भोगावं लागलं." हात माझ्या खांद्यावर, चेहऱ्यावर माया उतू चाललेली! आईच्या आजारपणात ऐकलेलं सगळं परत वर आलं. देवावर राग नाही माझा. पण श्रद्धेसोबत दुसऱ्याच्या पापाचा हिशेब मांडायचा अधिकारही मिळतो का? लिहा.

सहज : आमचे साहेब. रोज सकाळी ग्रुपवर क्षमेचा सुविचार. वडील दवाखान्यात म्हणून रजा मागितली तर उत्तर, "कर्तव्य हीच पूजा". खाली हात जोडलेले.

टवाळ : @सहज, रजा मिळाली का पण?

सहज : अर्धी.

चिंगी : मी देव मानते, समिती नाही. आमच्या प्रार्थनास्थळात देणगीदारांची पाटी आहे. रक्कम मोठी तसं नाव वर, अक्षरंही मोठी. शेवटच्या ओळी वाचायला वाकावं लागतं. बांधकाम निधीचं काय झालं विचारलं तर "शंका येते म्हणजे श्रद्धा कच्ची". त्याच सभेत शेजारीणबाईंच्या मुलीच्या घटस्फोटावर मात्र तासभर चर्चा! तेव्हापासून घरीच डोळे मिटते. बरं चाललंय.

पुस्तकी किडा : डार्ली आणि बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग आठवला. प्रिन्स्टनमधले धर्मशास्त्राचे विद्यार्थी, काहींना तर बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावरच (वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची गोष्ट) बोलायचं होतं. वाटेत एक माणूस कण्हत बसवलेला. उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी १० टक्केच मदतीला थांबले, सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के. काही जण तर त्याला चक्क ओलांडून गेले, दाखल्यावर बोलायला!

टवाळ : म्हणजे दोष घड्याळाचा. धर्म सुटला.

कुंदा : उलटं सांगते. माझे दीर कट्टर नास्तिक. जेवणाआधी कुणी हात जोडले की व्याख्यान सुरू, सासूबाई रडेपर्यंत. मीच शहाणा म्हणायला धर्म लागतोच असं नाही.

चिंगी : +१. धागाकर्ती, मावशींबद्दल वाईट वाटलं. काय झालं होतं?

धागाकर्ती : किडनी. फार सोसलं. सगळ्यांना नंतर सविस्तर लिहिते, धुणं राहिलंय.

टवाळ : @कुंदा, दिरांना सहजच्या साहेबांसोबत एका खोलीत कोंडा.

कुंदा : दार कोण उघडणार मग?

सहज : मी नाही. मला रजा नाही.