पुणे–बंगळूर गाडीने, दोन दिवसांत दोन कॉन्सर्ट: हे वेळापत्रक जमेल का?

डबल_बास

मी पुण्यात, मित्र कोल्हापुरात. शनिवारी बंगळुरात मोकळ्या मैदानावर मेटल फेस्टिव्हल आहे, गेट दुपारी ३ ला उघडतं. रविवारी संध्याकाळी तिथल्याच एका क्लबमध्ये आम्हा दोघांच्या लाडक्या बँडचा शो आहे. दोन्ही तिकिटं हातात आहेत. गाडी स्विफ्ट पेट्रोल. दोघांनाही हायवेवर चालवायची सवय आहे, रात्रीची मात्र फारशी नाही.

बेत असा: शुक्रवारी ऑफिस आटोपून रात्री ९ ला निघायचं, एकच्या सुमारास मित्राला कोल्हापुरातून उचलायचं, शनिवारी सकाळी ११ पर्यंत बंगळूर, आंघोळ करून तीनला मैदानावर. रविवारी शो संपला की तसंच परत फिरायचं, सोमवारी दुपारपर्यंत पुणे.

१) हे जमेल का? २) टोल, पेट्रोल, रस्त्याची सध्याची अवस्था? ३) राहायचं कुठे, गाडी मैदानापर्यंत न्यावी का? ४) दोन दिवस सलग मोठा आवाज म्हणजे कानांची काळजी कशी घ्यायची?

---

निपाणीकर

अंतर कापायला वेळ पुरेल, पण हा बेत मोडा. पुणे ते बंगळूर साधारण ८४० किमी. पुणे–कोल्हापूर २३० किमीला चार-साडेचार तास धराच, पुढच्या ६१० ला थांबे धरून दहा. म्हणजे शनिवारी दुपारी बाराला पोहोचाल, तेही रात्रभर जागून. त्यानंतर सात तास उन्हात आणि गर्दीत उभं राहायचं. ज्या बँडसाठी जाताय तो मुख्य बँड शेवटी, आठ-साडेआठला येणार. तोवर अंगात त्राण राहणार नाही.

परतीचा बेत तर त्याहून वाईट. रात्री दोन ते पाच ही डुलकी लागण्याची वेळ. दोन दिवस नाचून झालेलं शरीर त्या वेळी चित्रदुर्ग–दावणगिरीच्या सरळसोट रस्त्यावर असेल. वळणं नाहीत, काही करायचं नाही, अशाच पट्ट्यात डोळा लागतो. शेजारचाही तितकाच दमलेला असतो, त्यामुळे ‘आळीपाळीने चालवू’ याला काही अर्थ उरत नाही. शो संपल्यावर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हे आधी ठरवा आणि बाकीचं वेळापत्रक त्याभोवती बसवा.

शुक्रवारची सुट्टी मिळत असेल तर पहाटे साडेचारला निघा. नऊला कोल्हापूर. मित्राला महामार्गावर तावडे हॉटेलच्या चौकात उभं राहायला सांगा; शहरात शिरून बाहेर पडण्यात पाऊण तास सहज जातो. सव्वाबारापर्यंत हुबळी, जेवण, तीनला दावणगिरी, सात वाजता बंगळूरच्या वेशीवर नेलमंगला. चालक दर दोन तासांनी बदला, झोप आली नसली तरी बदला.

सुट्टी अर्धीच मिळाली तर दुपारी दोनला निघून रात्री नऊच्या आसपास बेळगावात मुक्काम. शनिवारी पहाटे पाचला निघालात तर ५०० किमी उरतात, एक-दीडपर्यंत पोहोचता. घाईचं आहे, पण किमान झोप झालेली असेल.

परतीसाठी सोमवारची सुट्टी घ्याच. रविवारी रात्री झोपा, पहाटे साडेचारला निघा, संध्याकाळी सात-आठला पुणे.

---

गिअरबॉक्स_कराड

निपाणीकरांशी सहमत. मी गाडी आणि रस्त्याचं सांगतो.

निघायच्या चार दिवस आधी टायर बघा. टायरच्या कडेला डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, आधी आठवडा, मग वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत दिसली तरी या प्रवासाला नको. रबर कडक झालेलं असतं आणि तापलेल्या काँक्रीटवर सलग ९०–१०० च्या वेगात फुटण्याची भीती असते. हवा सकाळी, गाडी थंड असताना, चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिली आहे तेवढीच भरा. तीनशे किमी पळाल्यावर तपासली तर तीन-चार पीएसआय जास्त दाखवते. ते स्वाभाविक आहे, काढू नका. काढलीत तर टायर थंड झाल्यावर हवा कमी पडेल, आणि कमी हवेचा टायरच जास्त तापतो. स्टेपनीत दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा. जॅक आणि व्हील पाना डिकीत आहे ना, ते उघडून बघा. ॲलॉयला लॉक नट असतील तर त्याची चावी कुठे आहे हे दोघांनाही माहीत हवं.

पेट्रोल: ८५–९० च्या वेगाने एसीसकट लिटरला १७–१८ किमी धरा, म्हणजे एका बाजूला ४७ ते ५० लिटर. टाकी ३७ लिटरची. पुण्यात फुल्ल करा, हुबळीच्या आसपास पुन्हा फुल्ल. निपाणीच्या पुढे कर्नाटकात पेट्रोल बहुतेक वेळा थोडं स्वस्त असतं, त्यामुळे कोल्हापुरात भरण्यात मतलब नाही.

टोल: एका बाजूला डझनभराच्या आसपास नाके लागतात. वर्षभरात कोल्हापूर वगैरे फेऱ्या होणार असतील तर फास्टॅगचा वार्षिक पास बघा. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते, असा हिशोब होता. इथे एक नाका ओलांडला की एक फेरी मोजतात. खासगी गाडीलाच मिळतो आणि राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवरच चालतो. मुंबई–पुणे एक्स्प्रेस वे किंवा बंगळूरचा नाइस रोड यांना चालत नाही, म्हणून टॅगमध्ये वेगळी शिल्लक ठेवा. टॅग ब्लॅकलिस्ट म्हणजे बंद झालेला असेल तर नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमाने रोखीने दुप्पट, यूपीआयने सव्वापट टोल ठरला होता. आदल्या दिवशी ॲपमध्ये स्थिती तपासली की हा भुर्दंड टळतो.

रस्ता: खंबाटकीत एखादा ट्रक बंद पडला की तासभर गेलाच, म्हणून पहाटे तो घाट पार करणं महत्त्वाचं. रांगेत अडकलात तर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवू नका. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की मगच हला. सातारा–कागल पट्ट्यात सहापदरीकरणामुळे जागोजागी सर्व्हिस रोडवर उतरवतात. तिथे पट्टे न मारलेले गतिरोधक असतात आणि दुचाकी उलट्या दिशेने येतात; वेग चाळीसच्या आत हवा. बेळगावच्या पुढे रस्ता मोकळा मिळतो, पण ट्रक उजवी लेन सोडत नाहीत. डावीकडून काढताना पुढे ट्रॅक्टर किंवा उभा ट्रक नाही याची खात्री होईपर्यंत थांबा. वेगाचे कॅमेरे आहेत, फलकावरची मर्यादा पाळा.

वाटेत बंद पडलात तर महामार्गाची हेल्पलाइन १०३३. गाडी उभी केली की त्रिकोण बराच मागे ठेवा आणि दोघंही रेलिंगच्या पलीकडे जाऊन थांबा, गाडीत बसून राहू नका.

दावणगिरीत बेण्णे डोसा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका, फक्त ज्याची पाळी आहे त्याने एकावर थांबावं. लोण्याचे दोन डोसे पोटात गेले की हिरियूरपर्यंत डोळे मिटायला लागतात.

---

प्राजक्ता_मल्लेश्वरम

राहण्याबद्दल. पुण्याकडून तुम्ही तुमकूर रोडने येता. नम्मा मेट्रोची ग्रीन लाइन नोव्हेंबर २०२४ पासून याच रस्त्यावर मादावरापर्यंत आली आहे. मादावरा, नागसंद्र, दासरहळ्ळी या पट्ट्यात पार्किंग असलेलं हॉटेल घ्या, गाडी तिथे लावा आणि सोमवार पहाटेपर्यंत तिला हात लावू नका. मॅजेस्टिक या मधल्या स्थानकावर उतरून पर्पल लाइन पकडली की शहराच्या बहुतेक भागात जाता येतं. दुसरा फायदा सोमवारचा: पहाटे निघताना गोरगुंटेपाळ्य आणि पीन्याच्या ट्रॅफिकचा गुंता तुमच्या मागे राहतो, हॉटेलमधून बाहेर पडलात की थेट महामार्ग.

शो कुठल्या टोकाला आहे त्यावर हे थोडं बदलेल. मैदान येलहंका किंवा विमानतळाच्या बाजूला असेल तर शेवटचा टप्पा रिक्षा-कॅबनेच करावा लागेल. तिथे गाडी नेलीत तर शो संपल्यावर मातीच्या पार्किंगमधून बाहेर पडायला तास लागतो. एकच फाटक, सगळ्यांचे हेडलाइट एकमेकांच्या डोळ्यांत. पाऊस झाला असेल तर चाकं रुततात. सप्टेंबर–ऑक्टोबर असो की एप्रिल–मे, संध्याकाळच्या सरीची तयारी ठेवाच. छत्री आत नेऊ देत नाहीत, पातळ रेनकोट घ्या. पायात जुने, घोटा झाकणारे बूट. गर्दीत चपला तुटतात आणि मॉश पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर एकमेकांवर आदळत नाचणाऱ्या घोळक्यात, बोटं चिरडतात.

मोकळ्या जागेत लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून इथले फेस्टिव्हल दुपारीच सुरू होतात आणि वेळ बऱ्यापैकी पाळतात. पहिले दोन-तीन बँड म्हणजे बहुधा इथलेच तयारीचे लोक, ते चुकवू नका. मेट्रोची शेवटची गाडी टर्मिनलहून अकराच्या आसपास सुटते, पण मॅजेस्टिकला बदलायची असेल तर तिथवर कधी पोहोचाल हे त्या दिवशीच्या वेळापत्रकात बघून ठेवा.

गेटवर गोंधळ होतो तो तिकिटाचा. काही ॲपमधला क्यूआर दर थोड्या वेळाने बदलतो, त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही. आणि हजारो लोक एकाच टॉवरवर असल्याने गेटपाशी नेट मिळत नाही. मेट्रोतून उतरायच्या आधीच तिकीट उघडून ठेवा. दोन्ही तिकिटं एकाच्या खात्यात असतील तर दुसऱ्याला आधीच ट्रान्सफर करा, नाहीतर दोघांना एकत्रच आत जावं लागेल. मूळ ओळखपत्र जवळ हवं; क्लबसाठी तर तिकिटावरची वयाची अट नीट वाचा. पॉवर बँक, मोठी बॅग, पाण्याची बाटली, स्टीलचं काहीही बहुतेक ठिकाणी परत पाठवतात, आणि ते ठेवायला जागा नसते. आत मनगटावरच्या पट्टीत पैसे भरायची पद्धत असेल तर थोडेथोडे भरा. उरलेले परत मिळवायची मुदत आणि कापली जाणारी रक्कम आधी बघा.

---

साउंडडेस्क

चौथ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण याकडे फार कमी लोक लक्ष देतात.

कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश संस्थेचा हिशोब असा: ८५ डेसिबल आठ तास सुरक्षित, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सुचवलेली कमाल मर्यादाही पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबल हीच आहे. मेटल शोमध्ये स्टेजसमोर याच्या आसपास सहज असतं, आणि तुम्ही तिथे सात तास असणार.

कापसाचे बोळे निरुपयोगी. फोमचे प्लग आवाज चांगला कमी करतात, पण वरचे सूर जास्त खातात, त्यामुळे सिंबल आणि गाण्याचे शब्द गोधडीतून आल्यासारखे वाटतात. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग मिळतात, १५–२० डेसिबल बऱ्यापैकी समान कमी करणारे. ते घ्या. बरोबर बसले तर १०० चे ८५ होतात आणि अख्खा दिवस निभावतो. फोमचेच असतील तर बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. अर्धवट बसलेला प्लग जवळजवळ नसल्यासारखाच. पहिला बँड सुरू व्हायच्या आधी घाला. कान बधिर झाल्यावर घालून झालेलं नुकसान भरून येत नाही.

उभं कुठे राहायचं? रेलिंगला चिकटून बँड जवळून दिसतो, पण टांगलेले मुख्य स्पीकर दोन्ही बाजूंना आणि डोक्यावरून मागे मारणारे असतात. तिथे ऐकू येतो तो स्टेजवरचा ड्रम, आणि गायकाचा आवाज येतो तो स्टेजच्या कडेला ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून. बरोबर मधल्या रेषेवर बास अंगावर येतो, कारण डाव्या-उजव्या सबचा (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) आवाज तिथे एकाच वेळी पोहोचून एकमेकांत मिळतो. चार पावलं बाजूला झालात की काही सूर एकमेकांना खातात आणि बास पातळ होतो. सगळ्यात समतोल आवाज साउंड डेस्कच्या थोडं पुढे, मधल्या रेषेच्या किंचित बाजूला. मिक्स करणारा माणूस तिथे उभा राहूनच ठरवत असतो की तुम्हाला काय ऐकवायचं. जीवलग बँडचे दोन-तीन आवडते तुकडे पुढे जाऊन अनुभवा, बाकी सेट डेस्कपाशी ऐका.

क्लबमध्ये वेगळं. छत बुटकं, सिंबल थेट कानात, गिटारचा ॲम्प ज्याच्या समोर असेल त्याला फक्त तीच गिटार ऐकू येते, कारण त्या स्पीकरचा तीव्र आवाज झोतासारखा सरळ जातो. ॲम्पच्या रेषेतून बाजूला व्हा. रविवारी कान आधीच थकलेले असतील, त्यामुळे इथे प्लग जास्त गरजेचे.

म्हणूनच शनिवारची रात्र आणि रविवारची दुपार शांततेत काढा, हॉटेलवर हेडफोन नकोत. जातानाही गाडीत काचा बंद करून मोठ्याने वाजवत गेलात तर थकलेले कान घेऊनच मैदानावर पोहोचाल. कानात शिट्टी वाजत राहिली आणि दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, किंवा एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं, तर थांबू नका, लगेच कानाच्या डॉक्टरांना दाखवा. अचानक आलेल्या बहिरेपणात पहिले काही दिवसच उपचाराचे असतात.

---

डबल_बास

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवार आणि सोमवार दोन्ही सुट्ट्या टाकल्या, पहाटेचा बेत पक्का. एकच शंका: गाडी माझ्या नावावर, विमा माझा. मित्र चालवत असताना काही झालं तर?

---

गिअरबॉक्स_कराड

खासगी गाडीच्या पॉलिसीत मालकाच्या परवानगीने चालवणारा, वैध लायसन्स असलेला कुणीही चालतो. मित्राचं लायसन्स मुदतीत आहे आणि त्यावर एलएमव्ही, म्हणजे हलकी मोटारगाडी, आहे एवढं बघा; मुदत संपलेलं असेल तर दावा तिथेच अडतो. मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात कवच मात्र तुमच्या नावावर असतं, मित्राला ते लागू होत नाही. शेजारी बसणारा आणि चालवणारा दुसरा, या दोघांसाठीचं जोड-कवच पॉलिसीत आहे का ते बघा. नसेल तर कंपनीला विचारून मध्येच जोडता येतं का बघा, नाहीतर मित्राने स्वतःची वेगळी अपघात पॉलिसी घ्यावी. आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात. तुमच्या खात्यातली आरसी त्याच्या फोनमध्येही शेअर करून ठेवा, म्हणजे तुम्ही मागे झोपलेले असताना कुणी थांबवलं तर तुम्हाला उठवावं लागणार नाही.