अनुभव धागा : काल चालत होता, आज पीसी उठतच नाही

फोंडा, डीटीपीचं काम

चवथीच्या तोंडावर आमचा डेस्कटॉप गेला. आरत्यांची पुस्तिका अर्धी जुळवलेली आणि गिऱ्हाईक दारात. बटण दाबलं की पंखे फिरायचे, दिवा लागायचा, स्क्रीन मात्र काळीच. दुरुस्तीवाल्याने फोनवरच 'मदरबोर्ड गेला' म्हणून निकाल दिला. गेला होता म्हणे! दोन्ही रॅम काढल्या, त्यांच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासल्या आणि आधी एकच परत बसवली. मशीन उठलं. मग दुसरी. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात त्या पट्ट्यांवर काळपट थर धरतो, एवढंच झालं होतं.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. लक्षण काय होतं आणि शेवटी कारण काय निघालं, दोन्ही हवं. 'फॉर्मॅट मारा' कृपया नको. मशीन उठतच नाही तर फॉर्मॅट कसला मारणार?

वास्को

आमचं घर समुद्राला लागून. खारा वारा थेट खोलीत. एके दिवशी बटण दाबलं तर काहीच नाही, पंखासुद्धा हलेना. पण बाजूचं झाकण काढल्यावर बोर्डावरचा छोटा दिवा लागलेला दिसला, म्हणजे वीज आतपर्यंत येत होती. भाचा म्हणाला, मामा, बटणच मेलं असेल. बोर्डाच्या कोपऱ्यात पॉवर स्विचच्या दोन पिना असतात, त्यांना त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं आणि पीसी चालू! बटणाच्या आत गंज चढला होता. आता रीसेट बटणाची वायर त्या पिनांवर लावली आहे. नवीन कॅबिनेट घ्या म्हणून घरचे मागे लागलेत, पण चालतंय तोवर चालू दे.

काणकोण

एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात, पाल. जास्त वर्णन करत नाही, जेवायची वेळ आहे. आवाज झाला, वास आला, घरातला ब्रेकर पडला. नवा एसएमपीएस घातल्यावर बाकी सगळं ठीक निघालं. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या बसवून घ्या, तिथूनच शिरतात.

साखळी, शिक्षक

ऑक्टोबरमधला संध्याकाळचा गडगडाट आमच्याकडे नेहमीचाच. ढग दिसले की मी पीसीचा प्लग काढतो. त्या दिवशीही काढला होता. तरी सकाळी मशीन मेलेलं. एसएमपीएस सोडवून बघितला. मोठ्या २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडली की त्याचा पंखा फिरायला हवा. फिरला. मग घोडं अडलं कुठे? वीज लॅनच्या, म्हणजे राउटरकडून येणाऱ्या नेटच्या वायरमधून आली होती! राउटर जळालेला आणि बोर्डावरच्या लॅन पोर्टपाशी काळा डाग.

मडगाव, दुरुस्तीचं काम करतो

सर, पेपरक्लिपची चाचणी चांगली, पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस धडधाकट असं नाही. १२, ५ आणि ३.३ व्होल्ट नीट येतात का ते मीटरनेच कळतं. ही चाचणी करताना बाकीच्या वायरी बोर्डापासून सुटलेल्या असाव्यात. आणि एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर भार राहू शकतो.

माझ्याकडे येणाऱ्या 'मेलेल्या' पीसींपैकी बरेच मेलेले नसतात. मी आधी प्लग काढून पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरतो, उरलेला भार निघून जातो. मग दुसरी वायर, दुसरं सॉकेट, यूपीएस वगळून थेट भिंतीतून. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. वीज नुसती डोळा मारून गेली तरी पीसी बंद पडतो आणि शिव्या पीसीला. तारीख मागे जाऊन बँकेची साइट उघडेनाशी झाली तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला, बाकी कशाला हात लावू नका.

फोंडेकरांच्या रॅमबद्दल : सगळी रॅम काढून चालू करा. बझर बीप करून ओरडला तर बोर्ड आणि प्रोसेसर बहुधा जिवंत आहेत. हल्लीच्या कॅबिनेटमध्ये बझर नसतो, वेगळा मिळतो, अगदी स्वस्त.

अजून एक. जुन्या चिऱ्यांच्या घरांत दोन भोकांची सॉकेटं असतात. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ना? तिथे अर्थिंग नाही. आधी वायरमनला बोलवा, मग मला.

पेडणे

आमचा मे महिन्यात बंद पडायचा. चालू करावा, थोडं काम होतं न होतं तोच गप्प. लगेच परत लावला तर आणखी लवकर बंद. म्हणजे तापतोय. प्रोसेसरच्या पंख्याखाली धूळ आणि ओल मिळून जाड घोंगडीच झाली होती, खालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून खडू झालेली. ब्रशने साफ केलं, नवी पेस्ट लावली. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, तापमान दिसतं, तिथे खात्री केली.

ताळगाव

दसऱ्याची साफसफाई झाली आणि स्क्रीन काळी. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाच्या पोर्टमध्ये लावली गेली होती. बस.

डिचोली

कोणी माहितीबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या मंडळाच्या नाटकांच्या संहिता आणि भजनांची रेकॉर्डिंग एकाच पीसीत होती. तो मेला तेव्हा सगळ्यांचे चेहरे पडले. हार्ड डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या लॅपटॉपला लावली, सगळं मिळालं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र पुन्हापुन्हा लावून बघू नका. नव्या विंडोज ११च्या मशीनवर डिस्कला बिटलॉकर, म्हणजे माहितीला लावलेलं कुलूप, असू शकतो, त्याची रिकव्हरी की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

साखळी, शिक्षक

मडगावकर, बोर्ड बदलायचाच का? सध्या लॅनशिवाय उठतोय कसाबसा, पण नेट नाही.

मडगाव, दुरुस्तीचं काम करतो

उठतोय तर बायोसमध्ये ऑनबोर्ड लॅन बंद करा आणि यूएसबीचा लॅन अडॅप्टर लावा. काही दिवस चालवून बघा. मध्येच अडकायला लागला तर मग बोर्डच.