लहान कॉलेजांनी खेळाडू घडवायचे आणि मोठ्यांनी फुकटात न्यायचे? अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलवर चर्चा

जर्सीकर

मार्च २०२२ मध्ये 'मार्च मॅडनेस' या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत सेंट पीटर्सने केंटकीला ८५-७९ असं हरवलं, तेव्हा जर्सी सिटीत बास्केटबॉलचा गंध नसलेली आपली मंडळीही त्याबद्दल बोलत होती. इंडिया स्क्वेअर या भारतीय वस्तीपासून चालत जाता येईल असं हे छोटंसं जेझुइट विद्यापीठ. समोर केंटकी, ज्यांच्या कोचचा, कॅलिपारींचा, एकट्याचा वर्षाचा पगार ८० लाख डॉलरच्या वर होता. पुढे सेंट पीटर्सने मरे स्टेटला आणि पर्ड्यूलाही हरवलं. पंधरावं सीड (मानांकन) असलेला संघ शेवटच्या आठांत पोचण्याची ती पहिलीच वेळ.

आणि मग? काही दिवसांत कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले. खेळाडूंपैकी एन्डेफो त्यांच्यामागे गेला, मिशीवाला डग एडर्ट ब्रायंटला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला. पुढच्या हंगामात जर्सी तीच होती, पण ज्यांच्यासाठी आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो ती मुलं नव्हती.

त्यानंतर हे सगळीकडेच सुरू झालं. इंडियाना स्टेटचं उदाहरण घ्या. एनबीएचा दिग्गज लॅरी बर्ड याचं कॉलेज. २०२४ मध्ये त्यांचा संघ एनआयटी या दुय्यम राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. गॉगलवाला रॉबी अविला तर देशभर लाडका झाला होता. हंगाम संपला आणि सुरुवातीचे पाचही खेळाडू गेले. अविला आणि स्वोप कोचच्या मागे सेंट लुईसला, कॉनवेल झेवियरला, ज्युलियन लॅरी आणि केंट टेक्सासला.

नियमांचा प्रवास थोडक्यात सांगतो. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाकावर बसावं लागायचं. २०२१ मध्ये एकदा बदलण्याची मुभा मिळाली, २०२४ मध्ये कितीही वेळा. १ जुलै २०२१ पासून खेळाडू आपलं नाव आणि चेहरा वापरू देण्याचे पैसे घेऊ लागले. 'एनआयएल' म्हणतात ते हे पैसे कागदोपत्री जाहिरातीचे. प्रत्यक्षात मोठ्या कॉलेजांचे श्रीमंत पाठीराखे एकत्र येऊन निधी जमवायचे आणि खेळाडू आणायचे. खेळाडूंनी केलेल्या हाऊस खटल्याच्या २०२५ मधल्या तडजोडीनंतर तर कॉलेजं स्वतःच थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांत मिळून २.०५ कोटी डॉलरपर्यंत.

मुलांनी पैसे मिळवावेत. मुलांनी जावं. याला माझा विरोध नाही. पण ज्या कॉलेजने कुणी विचारत नसलेल्या मुलाला घेतलं, दोन-तीन वर्षं घडवलं, त्याच्या वाट्याला एक डॉलरही येत नाही. हे अन्यायाचं आहे आणि यात हा खेळ मरेल. २०२५ च्या मार्च मॅडनेसमध्ये शेवटचे सोळाही संघ चार बड्या कॉन्फरन्सचे (कॉलेजांच्या गटांचे) होते आणि शेवटचे चारही पहिल्या सीडचे. सेंट पीटर्ससारख्यांना जागाच उरली नाही.

मुक्तद्वार

जर्सीकर, तळमळ पोचली, पण तुम्ही यादी अर्धीच दिलीत.

हॉलोवे गेले तेव्हा त्यांना कुणी एक वर्ष बाकावर बसवलं का? कोच पन्नास वर्षं असेच जात आले आहेत. ज्या मुलांना त्यांनी "माझ्याकडे ये" म्हणून आणलं, ती मागे अडकायची. ज्या शिष्यवृत्तीला आपण उपकार समजतो, तीही बरीच वर्षं बहुतेक ठिकाणी दरवर्षी नव्याने द्यायची असायची. म्हणजे कॉलेज मुलाला सोडू शकायचं, मुलाने कॉलेज सोडलं की तो कृतघ्न. २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिच्याविरुद्ध, खेळाडूंच्या बाजूने ९-० असा निकाल दिला तो उगीच नाही.

आता उरलेली यादी. डाल्टन नेक्टला शाळेतून बाहेर पडताना मोठ्या कॉलेजने घेतलं नव्हतं. आधी ज्युनियर कॉलेज, मग नॉर्दर्न कोलोरॅडो, शेवटच्या वर्षी टेनेसी. तिथे एका हंगामात तो कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि एनबीए ड्राफ्टमध्ये सतराव्या क्रमांकावर लेकर्सकडे गेला. वॉल्टर क्लेटन आयोनाहून फ्लोरिडाला गेला आणि २०२५ चं विजेतेपद घेऊन आला. त्याच संघातला विल रिचर्ड बेलमाँटचा आणि अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा. या पोरांना तुम्ही "थांब, आमच्या गावाचा उत्सव अजून बाकी आहे" असं सांगणार का?

आणि सेंट पीटर्स मेलेलं नाही. २०२४ मध्ये नवा कोच, नवी मुलं घेऊन ते पुन्हा स्पर्धेत आले होते.

जर्सीकर

आले होते आणि पहिल्याच सामन्यात टेनेसीकडून ८३-४९ हरले. त्यात २३ गुण तुमच्या नेक्टचे. तो सामना मी पूर्ण पाहिला. एका लहान कॉलेजात तयार झालेला मुलगा दुसऱ्या लहान कॉलेजला घरी पाठवत होता आणि नॉर्दर्न कोलोरॅडोच्या हाती काहीच नव्हतं. माझं म्हणणं याहून नेमकं मला मांडता येणार नाही.

हिशेबवही

भावना बाजूला ठेवून पैसा कुठून कुठे जातो ते बघू, कारण खरी लूट दुसरीकडे आहे.

लहान कॉलेजच्या संघाचं उत्पन्न मोजक्या वाटांनी येतं. पहिली वाट पाहुण्या सामन्यांची. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोठ्या कॉलेजच्या मैदानावर जायचं, बहुतेक वेळा हरायचं आणि साधारण ८०-९० हजार डॉलरचा धनादेश घेऊन परत यायचं. दुसरी वाट मार्चची. स्पर्धेत अंतिम सामना सोडून खेळलेल्या प्रत्येक सामन्याला 'युनिट' म्हणजे कमाईतला एक वाटा मिळतो. एका युनिटचे सहा वर्षांत मिळून सुमारे २० लाख डॉलर होतात. सेंट पीटर्सने २०२२ मध्ये अशी चार युनिटं कमावली, पण ते पैसे कॉन्फरन्सला जातात आणि तिथे सगळ्यांत वाटले जातात. बाकी विद्यार्थ्यांची फी, विद्यापीठाचं अनुदान आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या.

आता हाऊस तडजोड. पूर्वी जाहिरातीचे पैसे घेऊ दिले नाहीत म्हणून जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून २.८ अब्ज डॉलर भरपाई द्यायची आहे. त्यातला मोठा हिस्सा एनसीएए सदस्य कॉलेजांना दरवर्षी जे पैसे वाटते त्यातून कापला जातो. म्हणजे सेंट पीटर्सच्या वाट्यातूनही कपात. आणि ही भरपाई मुख्यतः कुणाला? बड्या कॉन्फरन्समधल्या फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉल खेळाडूंना. ज्या कॉलेजांनी त्या धंद्यात कधी पैसा कमावला नाही, त्यांच्या खिशातून त्याची भरपाई. लहान कॉन्फरन्सनी २०२४ मध्ये एकत्र येऊन याला विरोध केला, पण आकडे बदलले नाहीत.

ट्रान्सफरमुळे जाणारा खेळाडू डोळ्यांना दिसतो. ही कपात कुणाला दिसत नाही, म्हणून तिच्यावर धागेही निघत नाहीत. मला तिची चीड जास्त येते.

इंडियानातली आई

तुम्ही सगळे कॉलेजात पोचलेल्या मुलांबद्दल बोलताय. जी अजून पोचलीच नाहीत त्यांचं काय?

माझा मुलगा शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. उंची बरी, शूटिंग चांगलं, अभ्यासही चांगला. दहा वर्षांपूर्वी अशा मुलाला डिव्हिजन वन या सगळ्यांत वरच्या स्तरातल्या एखाद्या लहान कॉलेजने हसत घेतलं असतं आणि दोन वर्षं व्यायाम करवून तयार केलं असतं. आता दोन कोचनी आम्हाला स्पष्ट सांगितलं की वसंतात पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) उघडल्यावर बघू. त्यांची चूक आहे असं मला म्हणता येत नाही. समोर अठरा वर्षांचा कच्चा मुलगा आणि बावीस वर्षांचा, मोठ्या कॉलेजच्या बाकावरून खाली आलेला, भरलेल्या अंगाचा खेळाडू. नोकरी टिकवायची तर कोच कुणाला घेणार? आणि कच्च्याला घडवलंच, तर तो वर जाणार हे त्यांनाही माहीत आहे.

म्हणून "घडवणारी कॉलेजं" हा शब्द ऐकला की मला वाईट वाटतं. घडवण्याचं कामच थांबत चाललंय. घडवणाऱ्याला काही मिळण्याची सोय झाली, तर निदान कुणीतरी पुन्हा कच्च्या मुलांकडे बघेल. या एका कारणासाठी मी जर्सीकरांच्या बाजूने आहे.

मुक्तद्वार

ताई, तुमचा मुद्दा मनापासून पटला. मुलाला शुभेच्छा. पण खाली येणारा तो बावीस वर्षांचा खेळाडूही कुणाचा तरी मुलगाच आहे, आणि त्याला खेळायला मिळतंय.

शिवाय लहान कॉलेजं फक्त सोसणारी नाहीत, तीही नेतात. २०२३ मध्ये फेअरले डिकिन्सनने पहिल्या सीडच्या पर्ड्यूला हरवलं. त्या संघाचा कणा असलेली मुलं कोचने आपल्या आधीच्या डिव्हिजन टू कॉलेजातून, सेंट थॉमस अक्वायनसमधून आणली होती. ड्रेकचं तर ताजं आहे. बेन मॅककॉलम २०२४ मध्ये नॉर्थवेस्ट मिसुरी स्टेटमधून ड्रेकला आले, येताना चार खेळाडू घेऊन आले, पहिल्याच हंगामात ड्रेकने मार्चमध्ये मिसुरीला हरवलं. वर्षभरात मॅककॉलम आयोवाला गेले आणि बेनेट स्टर्ट्झही त्यांच्याबरोबर गेला. ड्रेकचे चाहते हळहळले. पण त्याआधी वर्षभर नॉर्थवेस्ट मिसुरी स्टेटच्या मॅरीव्हिल गावातले डिव्हिजन टूचे लोक हळहळत होते, तेव्हा या धाग्यासारखं कुणी काही लिहिलं का?

फीची पावती

मी एका सरकारी विद्यापीठात एमएस करतोय. दर सत्राच्या बिलात खेळांसाठीची फी असते. मी आजवर एकही सामना पाहिलेला नाही, प्रयोगशाळेतून बाहेर पडायलाच नऊ वाजतात. मी कर्ज काढून आलोय आणि त्या कर्जाचा एक तुकडा दुसऱ्या कुणाच्या बास्केटबॉलला जातो. एफ-१ व्हिसावर मला कॅम्पसबाहेर चार तास कामही करता येत नाही. माझ्यासारख्याच व्हिसावर आलेले परदेशी खेळाडूही या जाहिरातीच्या पैशांबाबत अडकलेले असतात, तेही कुणी बोलत नाही.

माझं मत कडू लागेल. ज्यांना परवडत नाही त्यांनी डिव्हिजन वन सोडावं. पेनसिल्व्हेनियातलं सेंट फ्रान्सिस मार्च २०२५ मध्ये स्पर्धेत खेळलं, अलाबामा स्टेटकडून दोन गुणांनी हरलं आणि आठवड्याभरात त्यांनी डिव्हिजन थ्रीमध्ये जायचं जाहीर केलं. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, विद्यार्थी खेळतो आणि शिकतो. मला तो निर्णय प्रामाणिक वाटला.

जर्सीकर

तुमच्या फीबद्दलचा राग रास्त आहे, भाऊ. पण सेंट फ्रान्सिसच्या निर्णयाला प्रामाणिक म्हणून सोडून देऊ नका. डिव्हिजन थ्रीमध्ये गेलं की त्या शिष्यवृत्त्याही जातात, ज्यांच्यावर गरीब घरातली मुलं पदवीपर्यंत पोचायची. मोठ्यांनी खर्च इतका वाढवला की लहानांना दार लावून घ्यावं लागलं.

मुक्तद्वार, ड्रेकचा मुद्दा मला मान्य, आणि तो माझ्याच बाजूने जातो. फुटबॉलमध्ये फिफाचा नियम आहे. खेळाडूच्या बदलीची जी रक्कम ठरते तिच्यातले पाच टक्के, तो बारा ते तेवीस वर्षांचा असताना ज्या ज्या क्लबांनी त्याला शिकवलं त्यांच्यात वाटले जातात. अगदी गावातल्या क्लबलाही. तसंच इथे करा. आयोवाने स्टर्ट्झला घेतलं की ड्रेकला वाटा आणि नॉर्थवेस्ट मिसुरी स्टेटलाही वाटा. हा पैसा खेळाडूच्या मानधनातून कापायचा नाही, नेणाऱ्या कॉलेजने वर द्यायचा. म्हणजे ताई म्हणतात तसं कच्च्या मुलाला घेणं पुन्हा परवडेल.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. आपल्याकडे क्रिकेटमध्ये राज्य बदलायचं तर आधीच्या संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. २०२५ मध्ये जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडे यायला ते मागितलं होतं, आम्ही इथे केवढे खूश झालो होतो, आणि पुढच्याच महिन्यात त्याने अर्ज मागे घेतला. अमेरिकेत तसं काही आणलं तर?

मुक्तद्वार

नको, कृपा करून नको. जयस्वालला कुणी अडवू शकत नाही, त्याचं नाव मोठं आहे. एकोणीस वर्षांच्या अनोळखी मुलाचा कागद अडकला तर त्याचं वर्ष जातं. जुनी बाकावर बसवण्याची पद्धत हेच करायची.

जर्सीकरांच्या फिफावाल्या सूचनेला माझी अडचण वेगळी आहे. "खेळाडूच्या मानधनातून कापायचं नाही" हे कागदावर ठीक. आयोवाकडे खर्चाची मर्यादा ठरलेली आहे. त्यांना एका खेळाडूमागे पाच लाख खर्चायचे असतील आणि त्यातले पन्नास हजार ड्रेकला द्यावे लागले, तर खेळाडूला साडेचारच मिळणार. शिवाय सगळ्या कॉलेजांनी मिळून असा दर ठरवला की तो पुन्हा मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कोर्टात जाणार. युरोपात क्लब आणि खेळाडूत करार असतो, म्हणून तिथे रक्कम ठरते. इथेही सरळ करार करा. खेळाडूला नोकरदार माना, दोन वर्षांचा करार, मध्येच सोडला तर ठरलेली रक्कम नव्या कॉलेजने भरायची. काही मोठी कॉलेजं अशी कलमं घालायला लागलीच आहेत.

हिशेबवही

करारात कलम घालायला आधी करारात काही द्यावं लागतं. सेंट पीटर्स काय देणार? शिष्यवृत्ती आणि पाहुण्या सामन्याच्या धनादेशातला तुकडा. ५ हजार डॉलर देऊन मुलाला दोन वर्षं बांधून ठेवलं, तर तुम्हीच पहिले ओरडाल.

मुक्तद्वार

हो, ओरडेन. ५ हजारात बांधणं मला मान्य नाही. पण तुम्ही वर सांगितलेली भरपाईची कपात मला माहीत नव्हती आणि ती मला सरळ अन्याय वाटते. ती थांबवायला खेळाडूच्या एका डॉलरलाही हात लावावा लागत नाही. ज्यांनी कमावलं त्यांच्याकडून ती घ्या आणि लहानांचा वाटा त्यांना परत द्या. जर्सीकर, एवढ्यापुरता मी तुमच्याबरोबर आहे. बदलीच्या रकमेवर नाही.

जर्सीकर

एवढ्यापुरतं घेतो. बदलीच्या रकमेवर मात्र मी मागे हटणार नाही. साडेचार लाख मिळवणाऱ्या मुलाचे पन्नास हजार ड्रेकला आणि मॅरीव्हिलला गेले तर त्याचं नुकसान होतं, हे मला कळतं. पण तेच पन्नास हजार नसले तर ताईंच्या मुलाला कुणी घेत नाही, हेही खरं आहे. दोघांतल्या एकाचं थोडं कमी करायचं असेल, तर ते कुणाचं करायचं याबद्दल मला शंका नाही.

इंडियानातली आई

एक माहिती द्यायला परत आले. काल एका डिव्हिजन टू कोचचा फोन आला. पोर्टलची वाट बघणार नाही, म्हणाले, मुलाला रविवारी सरावाला घेऊन या. "दोन वर्षांनी तो वर गेला तर मला आनंदच होईल" असंही म्हणाले. मुक्तद्वार, अशा माणसाला काहीतरी मिळायला हवं असं तुम्हाला अजूनही वाटत नाही का?