लेकीला हिजिकी देऊ की बंद करू?

निशीकासाईची आई: आम्ही तोक्योत निशीकासाईला राहतो. लेक तीन वर्षांची, घरी शाकाहार, हिमोग्लोबिन कमी. हिजिकी या काळ्या समुद्री शैवालात लोह भरपूर असतं असं शेजारच्या जपानी काकू म्हणाल्या, म्हणून गाजर आणि तळलेला तोफू घालून वरचेवर करते. सत्त्व जाऊ नये म्हणून भिजवलेलं पाणीही त्यातच ओतते. काल लंडनहून नणंदेचा फोन आला, तिकडे म्हणे ही खाऊच नका असं सरकार सांगतं, आर्सेनिक असतं. खरं आहे का? नोरी, वाकामे ही दुसरी शैवालंही बंद करू का?

त्सुकुबाकर: ताई, ते काळपट तपकिरी पाणी आधी मोरीत ओता, आर्सेनिक त्यातच उतरतं. नणंदबाईंचं खरं आहे. ब्रिटनने 2004 मध्ये पाच शैवालं तपासली होती. घातक, म्हणजे असेंद्रिय आर्सेनिक सापडलं ते फक्त हिजिकीत, किलोला 67 ते 96 मिलिग्रॅम. नोरी-वाकामेत असतं ते बहुतेक शर्करेशी बांधलेलं, त्या मानाने सौम्य. त्या खुशाल चालू ठेवा.

हिजिकी करायचीच तर भरपूर पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी टाका, नव्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, तेही टाका आणि धुऊन घ्या. जपानच्या कृषी मंत्रालयाच्या मते अशाने सुमारे 90 टक्के आर्सेनिक जातं. नुसतं भिजवून निम्मंच.

योकोहामाकर: उगाच घाबरवू नका. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खातायत. आरोग्य मंत्रालयानेच सांगितलंय, अति न खाल्ल्यास धोका नाही.

त्सुकुबाकर: सांगितलंय, पण तो हिशेब 50 किलोच्या माणसाचा होता: रोज 4.7 ग्रॅम भिजवलेली हिजिकी. 14 किलोच्या पोरीला त्याच हिशेबाने रोज जेमतेम 1.3 ग्रॅम येते. शिवाय आर्सेनिकच्या ज्या मर्यादेवर तो बेतला होता, ती जागतिक तज्ज्ञ समितीने 2010 मध्ये मागेच घेतली. मोठ्यांनी अधूनमधून खावी, माझी हरकत नाही. लहान मुलाला वरचेवर देणं मला पटत नाही.

आणि ताई, ज्या लोहासाठी हा खटाटोप, ते बरंचसं भांड्याचं होतं हो! 2015 च्या जपानी पोषणतक्त्यात लोखंडी कढईत उकडून सुकवलेल्या हिजिकीत 100 ग्रॅमला 58.2 मिलिग्रॅम लोह आहे आणि स्टीलमधल्या हिजिकीत फक्त 6.2.

निशीकासाईची आई: अगं बाई! सासूबाईंनी दिलेली लोखंडी कढई माळ्यावर पडून आहे.

त्सुकुबाकर: काढा ती. पालेभाजी त्यात करा, वरून लिंबू पिळा. शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडेल. हिमोग्लोबिनसाठी मात्र मुलांच्या डॉक्टरांना दाखवाच, नुसत्या कढईवर राहू नका. आणि पाळणाघराच्या जेवणात हिजिकी असते का, ती उकळून पाणी टाकतात का, हेही विचारून घ्या.